सतरा क्रमांकाचा नमुना : रक्ताच्या कर्करोगावरील पीएच.डी.ची पाच वर्षे दहा महिने

जून २०२४ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली. पुण्यातील एका संशोधन संस्थेत मी ऑगस्ट २०१८ मध्ये रुजू झाले, तेव्हापासून मोजले तर पाच वर्षे आणि दहा महिने लागले. या काळात प्रयोगांवर जितका वेळ गेला, जवळजवळ तितकाच परवानग्या, खरेदी, नोंदी आणि वाट पाहणे यांवर गेला. हे सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे प्रत्येक विलंब हा माझाच दोष आहे असे मला बरीच वर्षे वाटत राहिले. रुग्णांच्या नमुन्यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून थोडी वाट दिसावी, म्हणून घडले तसे लिहून ठेवत आहे.

जून २०१७ ची नेट परीक्षा मी जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह, उत्तीर्ण झाले होते. त्यानंतर तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, त्यांपैकी दोन ठिकाणी निवड झाली नाही. रुजू झाले तेव्हा फेलोशिप दरमहा २५,००० रुपये होती. १ जानेवारी २०१९ पासून ती ३१,००० झाली. मंजुरीचे कागद, बँकेचा तपशील आणि दर महिन्याचे उपस्थितीपत्रक यांची साखळी जुळेपर्यंत पहिली रक्कम हाती यायला साडेचार महिने गेले. रुजू होताना निदान पाच-सहा महिन्यांच्या खर्चाची सोय जवळ ठेवावी, हे मी आता प्रत्येकाला सांगते. माझी सोय मोठ्या बहिणीने केली होती.

विषय थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या कागदपत्रांचे मूळ त्यातच आहे. निरोगी प्रौढ माणसाची अस्थिमज्जा दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार करते. एवढे उत्पादन कधी वाढवायचे आणि कधी थांबवायचे, हे पेशींना बाहेरून येणाऱ्या प्रथिनांच्या संकेतांवरून कळते. या संकेतांचा शोध १९६० च्या दशकात लागू लागला. १९६६ साली मेलबर्नमध्ये रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी अर्धघट्ट माध्यमात उंदराच्या मज्जेतील पेशींच्या वसाहती वाढवून दाखवल्या. जवळपास त्याच वेळी इस्रायलमध्ये प्लुझनिक आणि साक्स स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. वसाहत वाढण्यासाठी पेशींना बाहेरून काहीतरी द्यावे लागते, एवढ्या निरीक्षणावरून त्या ‘काहीतरी’चा पाठपुरावा सुरू झाला आणि जीएम-सीएसएफ, जी-सीएसएफ यांसारखी प्रथिने एकेक करून हाती आली. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की जे ‘पेशी वाढवायचे इंजेक्शन’ दिले जाते, ते यांपैकी जी-सीएसएफच असते. ज्या घरात रक्ताचा कर्करोग येऊन गेला आहे, तिथे हे इंजेक्शन कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

जीएम-सीएसएफ पेशीच्या पृष्ठभागावरील आपल्या ग्राहीला, म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की ग्राहीला आतून जोडलेले जॅक-२ हे विकर जागे होते. ते स्टॅट-५ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवते आणि तो गट घेऊन स्टॅट-५ केंद्रकात जाते, जिथे वाढीची जनुके सुरू होतात. हे सगळे काही मिनिटांत घडते, आणि निरोगी पेशीत काही वेळाने ते पुन्हा शांतही होते. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश जणांमध्ये एफएलटी-३ या दुसऱ्या एका ग्राहीच्या जनुकातील एक तुकडा दुबार लिहिला गेलेला असतो. १९९६ साली जपानी संशोधकांनी तो प्रथम नोंदवला. या बदलामुळे बाहेरून कोणताही संकेत आलेला नसताना ग्राही चालूच राहते, आणि पेशीच्या आत स्टॅट-५ अखंड ‘वाढ’ म्हणत राहते. ही ग्राही बंद करणारी औषधे आहेत. त्यांपैकी मिडोस्टॉरिनला अमेरिकेत २०१७ मध्ये आणि गिल्टेरिटिनिबला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण अनेक रुग्णांत त्यांचा परिणाम काही काळाने ओसरतो. बिघडलेली ग्राही औषधाने बंद केली, तरी मज्जेत आसपास असलेले जीएम-सीएसएफ तोच स्टॅट-५ दुसऱ्या दाराने पुन्हा चालू करते का, हा माझा मूळ प्रश्न होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये संशोधन सल्लागार समितीने हा विषय मंजूर केला, आणि दोनच महिन्यांनी फिलाडेल्फियातील संशोधकांचा नेमका याच प्रश्नावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे उत्तर ‘होय’ असे होते. त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो लेख छापून माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढेच विचारले, “यात त्यांनी कोणता प्रश्न सोडला आहे, ते शोध.” तीन आठवडे तो लेख वाचल्यावर प्रश्न बदलला. सगळ्याच रुग्णांच्या पेशी या दुसऱ्या दाराचा सारख्याच प्रमाणात वापर करतात का, आणि करत नसतील तर त्यांच्यात फरक कशाचा आहे, असा तो नवा प्रश्न होता. आधीच्या प्रश्नापेक्षा तो मला आजही अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण औषध एकेका रुग्णाला द्यायचे असते.

नव्या प्रश्नासाठी रुग्णांचे नमुने अनिवार्य होते, आणि त्यासाठी दोन नैतिकता समित्यांची मान्यता हवी होती : एक आमच्या संस्थेची, दुसरी नमुने देणाऱ्या रुग्णालयाची. शिवाय दोन संस्थांमधील सामंजस्य करार आणि, उंदराच्या पेशींत बदललेले जनुक घालायचे असल्यामुळे, जैवसुरक्षा समितीची परवानगीही लागणार होती. हे चारही अर्ज एकाच वेळी सुरू करता येतात, हे मला ठाऊक नव्हते. मी एकामागून एक करत गेले आणि त्यात निदान चार महिने गमावले. प्रत्येक समितीच्या बैठकीची आगामी तारीख आणि अर्ज घेण्याची शेवटची तारीख तिच्या सचिवांकडून आधीच विचारून घ्यावी. माझा एक अर्ज दोन दिवसांनी उशिरा पोहोचला म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत, म्हणजे सात आठवडे, पडून राहिला.

सर्वांत जास्त काम संमतिपत्रावर झाले, आणि मागे वळून पाहताना या पाच वर्षांतील सर्वांत मोलाचे शिक्षण तेच होते असे म्हणावेसे वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे लागते, म्हणून ते इंग्रजी, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सादर केले. मराठी मसुद्यात मी ‘आनुवंशिक बदलांचा अभ्यास’ असे लिहिले होते. समितीतील एक ज्येष्ठ सदस्या वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या, निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी विचारले, “आनुवंशिक म्हणजे हा आजार मुलाबाळांना होणार, असे वाचणाऱ्याला वाटणार नाही का?” त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. एफएलटी-३ मधील हा बदल रुग्णाच्या हयातीत, त्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत घडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जातही नाही. निदानाच्या धक्क्यात असलेल्या माणसाच्या हाती माझा तो शब्द गेला असता, तर त्याच्या मुलांविषयीची एक खोटी भीती मी त्याच्या घरात पेरली असती. आम्ही ते वाक्य बदलून ‘आजारी पेशींमधील सूचनांत झालेल्या बदलांचा अभ्यास, हे बदल वारशाने आलेले नाहीत’ असे केले. मराठी मसुद्याचा कोणा दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत अनुवाद करून घेऊन तोही जोडावा लागतो. त्याचे साडेतीन हजार रुपये झाले. रुग्णालयाच्या समितीची मान्यता सप्टेंबर २०१९ मध्ये आणि आमच्या संस्थेची नोव्हेंबरमध्ये आली.

मधल्या काळात मी पेशीवंशांवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींवर, हात बसवत होते. के-५६२ आणि एचएल-६० पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मिळाले. टीएफ-१ हा पेशीवंश मात्र परदेशातून मागवावा लागला. तो जीएम-सीएसएफवर इतका अवलंबून असतो की ते काढून घेतल्यावर दोन-तीन दिवसांत पेशी मरू लागतात. कोरड्या बर्फात आलेली पहिली कुपी कागदपत्रांतील एका त्रुटीमुळे विमानतळावर चार दिवस अडकली. ती हाती आली तेव्हा खोक्यात बर्फ उरला नव्हता आणि एकही पेशी जिवंत नव्हती. दुसरी मागवताना आम्ही प्रत्येक कागद तीनदा तपासला आणि माल शुक्रवारी उतरणार नाही अशी वेळ ठरवून घेतली. आयात होणाऱ्या कोणत्याही गोष्टीला आठ ते दहा आठवडे धरावेत. त्याआधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ती वस्तू उपलब्ध नसल्याचा अहवाल, एकाच कंपनीकडे मिळत असल्यास तसे प्रमाणपत्र, अन्यथा तीन दरपत्रके, एवढे सगळे तेव्हा लागत असे. फॉस्फेट बसलेल्या स्टॅट-५ ला ओळखणाऱ्या अँटिबॉडीची शंभर मायक्रोलिटरची इवलीशी कुपी जवळजवळ पन्नास हजार रुपयांची होती. ती मी पहिल्याच दिवशी दहा भागांत वाटून ठेवली.

ऑक्टोबर २०१९ मध्ये टीएफ-१ पेशी जीएम-सीएसएफशिवायही तग धरत आहेत असे दिसू लागले. मला वाटले काही नवेच सापडले. दोन आठवडे त्याच आनंदात गेल्यावर मॅडमच्या आग्रहाने तपासणी केली, तेव्हा त्या पेशींना मायकोप्लाझ्माचा संसर्ग झालेला निघाला. या जिवाणूला पेशीभित्तिका नसल्याने नेहमीचे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नसल्याने माध्यम स्वच्छच वाटत राहते. दोन महिन्यांची निरीक्षणे बाजूला ठेवावी लागली, सगळ्या पेशी नष्ट कराव्या लागल्या आणि इन्क्युबेटर तीनदा निर्जंतुक करावा लागला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पीसीआर तपासणी करण्याचा नियम मी शेवटपर्यंत मोडला नाही.

पहिला नमुना डिसेंबर २०१९ मध्ये आला. निदानासाठी मज्जा काढली जातेच. त्याच वेळी आमच्यासाठी दोन मिलिलिटर अधिक घेतली जात असे. रुग्णालयातून दूरध्वनी आला की बर्फाचा डबा घेऊन निघायचे, आणि पुण्याच्या वाहतुकीतून दोन तासांत परतायचे. नळी हिरव्या झाकणाची, म्हणजे हेपॅरिनची, हवी हे रुग्णालयातील तंत्रज्ञांना प्रत्येक वेळी आठवण करून सांगावे, कारण जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशी वाढवायच्या असतील तर अडचण होते. फायकॉल या दाट द्रावणाच्या थरावर मज्जा अलगद सोडून अर्धा तास सेंट्रिफ्यूज करताना ब्रेक बंद ठेवावा, नाहीतर थांबताना बसणाऱ्या हिसक्याने थर मिसळतात आणि पेशींचे ते पांढुरके कडे हरवते. फॉस्फेटचा गट निखळू न देणारे सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट पीएच १० ला आणून, रंग जाईपर्यंत उकळूनच वापरावे. मी ते पहिल्या तीन नमुन्यांत नुसतेच विरघळवून वापरले आणि फॉस्फेट बसलेल्या स्टॅट-५ चा पट्टा (प्रथिने पटलावर उतरवल्यावर अँटिबॉडीने उमटणारी रेघ) का दिसत नाही म्हणून रडकुंडीला आले. पटलावर दुधाच्या भुकटीऐवजी अल्ब्युमिन वापरावे, कारण दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगून असते. या गोष्टी पुस्तकांत असतात, पण घाईच्या दिवशी त्या कोणीतरी शेजारी उभे राहून सांगाव्या लागतात.

सहा नमुने झाले आणि २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. चालू असलेल्या पेशी त्याआधीच गोठवून ठेवल्या होत्या, पण द्रवरूप नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि टाकी भरत राहावी लागते. आमचे एक तंत्रज्ञ काका पोलिसांचा पास काढून दर आठवड्याला धायरीहून सायकलने येत आणि टाकी भरून जात. ते आले नसते तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. मी सहा महिने घरी, सातारा जिल्ह्यात, आधीच्या निरीक्षणांची सांख्यिकी करत बसले. रुग्णालयाकडून नमुने पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले.

सतरावा नमुना ऑगस्ट २०२१ मध्ये आला. संमती घेण्याचे काम रुग्णालयातील निवासी डॉक्टरांचे असे, पण त्या दिवशी मी आधीच पोहोचले होते आणि त्यांनी मला शेजारी बसायला सांगितले. रुग्ण चोविसाव्या वर्षातला होता. सोबत वडील होते, मराठवाड्यातून रात्रभराचा प्रवास करून आलेले. मुलाने संमतिपत्राची चारही पाने वाचली. सहसा कोणी वाचत नाही. पहिल्या चौकटीत, या अभ्यासासाठी नमुना देण्यास, त्याने ‘होय’वर खूण केली. दुसऱ्या चौकटीत, उरलेला नमुना भविष्यातील अन्य संशोधनासाठी ठेवण्यास, त्याने थोडा विचार करून ‘नाही’वर खूण केली. मग वडिलांनी मला विचारले, “ताई, ह्याचा माझ्या पोराला काही उपयोग होईल का?”

“नाही, काका,” मी म्हणाले. “त्याच्या उपचारात यामुळे काहीच बदल होणार नाही. पुढे कधीतरी झालाच, तर उपयोग दुसऱ्या कोणाला होईल.”

त्यांनी मान हलवली आणि मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “घ्या.” हे संशोधन रुग्णाच्या कामी येणार नाही हे संमतिपत्रात लिहिलेलेच होते, ते वाक्य मीच लिहिले होते, पण ते तोंडाने सांगणे किती जड आहे हे मला त्या दिवशी कळले. उत्तर मऊ करण्याचा मोह होतो. तो करू नये.

त्याच्या पेशींनी सगळ्यांत स्वच्छ उत्तर दिले. त्यांत एफएलटी-३ चा दुबार तुकडा होता आणि कोणताही संकेत न देता स्टॅट-५ पेटलेले होते. औषध घातल्यावर पट्टा पूर्ण विझला, आणि जीएम-सीएसएफ दिल्यावर पंधराव्या मिनिटाला तो पुन्हा ठळक झाला. जॅक-२ ला रोखणारे औषध जोडीला दिल्यावर मात्र तो परतला नाही. मेथिलसेल्युलोज या अर्धघट्ट माध्यमातल्या वसाहतींनीही चौदाव्या दिवशी तेच सांगितले. मी त्या तीन वेगवेगळ्या दिवशी मोजल्या, आणि नमुन्याचा क्रमांक झाकून सहकाऱ्याकडूनही मोजून घेतल्या. सगळ्याच नमुन्यांत असे झाले नाही. काहींत दुसरे दार जवळपास बंदच होते आणि काहींच्या पेशींनी वसाहती धरल्याच नाहीत. डिसेंबर २०२२ पर्यंत एकूण ४१ नमुने झाले, त्यांपैकी २९ वापरण्याजोगे निघाले. फरकाचे पूर्ण कारण मला मिळाले नाही. ग्राहींचे पृष्ठभागावरील प्रमाण त्याचा एक भाग आहे, एवढेच मी प्रबंधात म्हटले आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उरली नाही, परंतु माझी नोंदणी २०१६ च्या नियमांखाली असल्याने एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे आवश्यक होती. दोन नियतकालिकांनी नाकारल्यावर तिसऱ्याने तो जुलै २०२३ मध्ये स्वीकारला. फेलोशिपची पाच वर्षे ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. १ जानेवारीपासून लागू झालेल्या ४२,००० रुपयांच्या वाढीव दराची थकबाकी नंतर आली आणि त्यावरच शेवटचे महिने निघाले. साधर्म्य तपासणीत, म्हणजे इतरत्र छापलेल्या मजकुराशी जुळणी पाहताना, मर्यादा १० टक्के असते. माझे पहिल्या वेळी १४ आले, बहुतेक पद्धतींच्या प्रकरणामुळे. ते प्रकरण स्वतःच्या नोंदवहीवरून नव्याने लिहिल्यावर ७ वर आले. १८ डिसेंबर २०२३ रोजी प्रबंध सादर केला. शुल्क, छपाई आणि बांधणी मिळून साधारण अठरा हजार रुपये लागले. एका परीक्षकाचा अहवाल दोन महिन्यांत आला, दुसऱ्याचा मे २०२४ मध्ये. या वाट पाहण्यात करण्यासारखे काहीही नसते. विद्यापीठाच्या विभागात महिन्यातून एकदा विनम्रपणे चौकशी करावी आणि कोणाशी केव्हा बोललो ते लिहून ठेवावे.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पट्ट्यांची आकृती पडद्यावर मोठी करायला सांगून विचारले की सतरा क्रमांकाचा नमुना वगळला तर निष्कर्ष टिकतो का. मी तशी गणना आधीच केलेली होती. टिकतो, पण फरक कमी होतो, असे उत्तर दिले आणि ते त्यांनी मान्य केले.

पदवीची अधिसूचना येण्यापूर्वी ना-देय प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यात गोठवलेल्या नमुन्यांचे हस्तांतरही येते. टाकीत माझ्या नावावर ६३ कुप्या उरल्या होत्या. मी सगळी संमतिपत्रे पुन्हा काढून दुसरी चौकट पाहिली. ज्यांनी ‘होय’ म्हटले होते त्यांच्या ५२ कुप्या नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या नावे केल्या. उरलेल्या अकरांत सतरा क्रमांकाच्या तीन होत्या. त्या विद्यार्थ्याने तो नमुना ठेवता येईल का असे विचारले, कारण त्याच्या कामाला त्याहून योग्य नमुना आमच्याकडे नव्हता. मी त्याला संमतिपत्र दाखवले. त्या मुलाचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही. नावाची आणि क्रमांकाची जोड रुग्णालयाकडे असते आणि ती मागण्याचा अधिकार मला नाही.

अकरा कुप्या वितळू दिल्या, ब्लीचमध्ये ठेवल्या, १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्या आणि पिवळ्या पिशवीत दिल्या. नोंदवहीत क्रमांक, तारीख, ‘संमतीनुसार नष्ट’ असे लिहून मी सही केली, आणि साक्षीदाराच्या रकान्यात तंत्रज्ञ काकांनी केली.